कस्टडी म्हणजे नेमकं काय? आरोपीची, पोराची आणि मोटारसायकलीची

प्रश्न : मी सोलापुरात विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीतला 'कस्टडी' हा शब्द आरोपीसाठी वापरतात, घटस्फोटाच्या दाव्यात मुलासाठी वापरतात आणि पोलिसांनी जप्त केलेल्या गाडीसाठीही वापरतात. शब्दकोशात 'कैद' असाही अर्थ मिळतो आणि 'संरक्षण' असाही. मूळ अर्थ कोणता? कोर्टात 'पीसीआर', 'एमसीआर', 'ताबा', 'अटक' असं जे बोललं जातं त्याचा याच्याशी मेळ कसा घालायचा?

उत्तर : मूळ अर्थ राखणीचा. लॅटिनमध्ये 'कुस्तोस' म्हणजे राखणदार आणि त्याचं काम म्हणजे 'कुस्तोदिया'. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा सांभाळणे, जपणे, पहारा देणे एवढंच त्याच्या पोटात होतं. माणसाला डांबून ठेवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. तुम्हाला शब्दकोशात दोन परस्परविरोधी अर्थ दिसतात ते यामुळे. माझ्या मते ते विरोधी नाहीत. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवतो आणि माझ्या अनुभवात या शब्दावरचे बहुतेक वाद 'राखणदार कोण आणि त्याची जबाबदारी कधी सुरू झाली' या एका प्रश्नावर येऊन थांबतात.

रोमन कायद्यात हा शब्द आधी वस्तूंच्या बाबतीत पक्का झाला. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस याने दिलेलं उदाहरण गिरणगावातल्या माणसाला लगेच कळेल. कापड धुऊन साफ करणाऱ्या कारागिराकडे किंवा शिंप्याकडे तुम्ही मजुरी ठरवून कपडे दिले आणि त्याच्याकडून ते चोरीला गेले, तर चोरावर दावा लावायचा तो त्या कारागिरानं. मालकाला चोराच्या मागे धावायचं कारण नाही, कारण त्याचं नुकसान कारागिरानं भरून द्यायचं आहे. 'माझी चूक नव्हती, चोर आला' हे उत्तर त्याला चालत नसे. माल हाती घेतला त्या क्षणी राखणीचा बोजा त्याच्या डोक्यावर आला. ही झाली कुस्तोदिया.

माणसांच्या बाबतीत रोमन विधिज्ञ उल्पियन याचं वचन जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'मध्ये जपलेलं आहे. तुरुंग माणसांना राखून ठेवण्यासाठी असावा, शिक्षा देण्यासाठी नसावा, असं तो म्हणतो. तिथल्या सुभेदारांना हे बजावून सांगावं लागलं, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल याचा अंदाज बांधा. आपल्याकडच्या तुरुंगांत आज सुमारे तीन चतुर्थांश माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे. कायद्याच्या भाषेत ती सगळी राखून ठेवलेली माणसं.

आता आपल्या बाजूचं बघा. कस्टडीला सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला : हवाला. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या जिम्म्याला देणं. 'हवाली करणे', 'हवालात' आणि 'हवालदार' ही त्याचीच पिलावळ. शिवकाळातल्या किल्ल्याचा हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली किल्ला आहे तो, दरवाजाच्या चाव्या ज्याच्याकडे तो. आज पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला त्याच्या हुद्द्याचा अर्थ सांगितला तर तो हसतो, पण अर्थ तोच आहे. 'जामीन' हाही अरबीच, हमी घेणारा माणूस. इंग्रजीतला 'बेल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'हाती सोपवणे' या क्रियापदापासून निघालेला आहे. म्हणजे आरोपीची राखण तुरुंगाकडून काढून जामीनदाराच्या हवाली करायची, ही मूळ कल्पना. जामीनदार का लागतो, असं पक्षकार चिडून विचारतात तेव्हा मी हेच सांगतो : कोर्टानं माणूस सोडलेला नाही, राखणदार बदललाय.

बाकीचे शब्द मात्र खरोखरच कैदेचे आहेत. 'जेल' हा लॅटिनमधल्या पिंजऱ्याच्या शब्दापासून आला. फ्रेंचच्या दोन बोलींतून दोन रूपं इंग्रजीत शिरली म्हणून जुन्या निकालांत त्याचं स्पेलिंग 'जी'पासून सुरू होतं आणि नव्यांत 'जे'पासून, उच्चार एकच. 'प्रिझन' पकडण्यावरून, 'अरेस्ट' थांबवण्यावरून. आपला 'अटक' आणि 'अरेस्ट' इथे छान जुळतात, दोन्हींत अडवणं आहे. 'कैद' अरबी, मूळ अर्थ बेडी. 'तुरुंग' पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या 'ट्रोंको' म्हणजे झाडाचा बुंधा, ज्यात गुन्हेगाराचे पाय अडकवत त्या खोड्यापर्यंत त्याचा माग जातो. अक्कलकोटकडचे पक्षकार कन्नडमधून 'सेरे' म्हणतात, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'चेरसाला' म्हणतात. सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात एका दुपारी हे सगळे शब्द कानावर पडतात. यातल्या एकाही शब्दात राखणदाराची जबाबदारी नाही. ती कस्टडीत आहे.

आता पीसीआर आणि एमसीआर. पहिला म्हणजे पोलीस कोठडीची रिमांड, दुसरा म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या कोठडीची रिमांड. कोर्टाबाहेर उभे असलेले नातेवाईक विचारतात, "साहेब, पीसीआर पडली का एमसीआर?" आणि एमसीआर म्हटलं की हुश्श करतात. दोन्हींत माणूस आतच असतो, मग हुश्श कशाला? राखणदार वेगळा म्हणून. पीसीआरमध्ये तो ठाण्याच्या लॉकअपमध्ये, तपासी अंमलदाराच्या हाताखाली असतो आणि त्याची चौकशी चालते. एमसीआरमध्ये तो कारागृहात, न्यायालयाच्या राखणीत जातो. तिथे पोलिसांना त्याला प्रश्न विचारायचे तर कोर्टाची परवानगी लागते. जामिनाचा रस्ताही व्यवहारात तिथूनच मोकळा होतो.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालापासून ती पहिल्या १५ दिवसांतच, हे आम्ही घोकत आलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १८७ नं यात मोठा बदल केला. आता हे १५ दिवस एकदम किंवा तुकड्यातुकड्यांनी मागता येतात, ज्या गुन्ह्यात दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस तिथे पहिल्या ४० दिवसांत आणि जिथे ९० दिवस तिथे पहिल्या ६० दिवसांत. म्हणजे एमसीआर पडली म्हणून हुश्श करण्यात आता पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. आवारात अजून सगळे '१६७' च, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम, म्हणतात. तुम्ही परीक्षेत नवीन कलम लिहा, पण जुनं विसरू नका. निकाल बहुतेक जुन्या कलमावर आहेत.

तुमच्या प्रश्नातला खरा चिवट भाग पुढे आहे. अटक आणि कस्टडी एकच का?

नाही. १९९४ च्या दीपक महाजन निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की प्रत्येक अटकेत कस्टडी असते, पण प्रत्येक कस्टडीत अटक असेलच असं नाही. खेड्यातून येणारा बाप म्हणतो, "पोराला उचललंय". ठाण्यात विचारलं तर उत्तर येतं, "अटक नाही, चौकशीसाठी बोलावलंय". पोरगा काल संध्याकाळपासून बाकड्यावर बसलेला, मोबाइल काढून घेतलेला, लघवीला जायचं तरी शिपाई बरोबर. अटकेच्या पंचनाम्यावर वेळ पडते दुसऱ्या दिवशी दुपारची. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं. ते २४ तास कधीपासून मोजायचे? कागदावरच्या वेळेपासून मोजले तर सगळं नियमात बसतं.

इथे शब्दाचा मूळ अर्थ हत्यारासारखा वापरायला शिका. माणूस आपल्या मर्जीनं उठून घरी जाऊ शकत होता का? नसेल तर तो कोणाच्या तरी राखणीत होता आणि राखणदाराचं घड्याळ तेव्हाच सुरू झालं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्ये अशक हुसेन यांच्या प्रकरणात हेच धरलं, की स्वातंत्र्यावर बंधन आलं तिथून अटक सुरू होते, अधिकाऱ्यानं कागदावर कोणती वेळ टाकली यावर ते ठरत नाही. त्याआधी १९८० मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'अनौपचारिक ताबा', 'चौकशीसाठी थांबवलं पण अटक नाही' असल्या शब्दांच्या लपाछपीवर चांगलेच कोरडे ओढले. तो निकाल मुळातून वाचा. त्याची दुसरी बाजूही आहे : आरोपी स्वतः कोर्टापुढे हजर झाला आणि कोर्टाच्या हुकमाखाली आला की तोही कस्टडीत आहे असं समजायचं, म्हणजे त्याचा नियमित जामीन अर्ज ऐकता येतो. नियमित जामिनाला कस्टडी ही पूर्वअट आहे, अटकपूर्व जामिनाला नाही. नवे वकील यात हमखास गडबडतात.

अटक होण्यासाठी हात लावायलाच हवा असंही नाही. शरीराला स्पर्श करावा किंवा ते अडवावं, पण माणूस शब्दानं किंवा कृतीनं स्वतःहून ताब्यात आला असेल तर त्याची गरज नाही, असं कायदाच म्हणतो. १९६० च्या देवमन उपाध्याय निकालानं याचा उपयोग पुराव्याच्या कायद्यात केला. जुनं कलम २६ म्हणतं की पोलीस कस्टडीतल्या माणसाचा कबुलीजबाब, मॅजिस्ट्रेट समोर नसेल तर, त्याच्याविरुद्ध चालणार नाही. कलम २७ त्यातून एक फट ठेवतं : त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आता ही दोन्ही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहेत. गंमत बघा. एकाच खटल्यात सरकारी वकील मेमोरँडम पंचनाम्यासाठी, म्हणजे वस्तू काढून देण्याबद्दल आरोपीनं दिलेल्या माहितीच्या कागदासाठी, सांगतात की माणूस तेव्हा कस्टडीत होता आणि २४ तासांच्या मुद्द्यावर सांगतात की नव्हता. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वेळा वाचून दाखवल्या की बचावाचं निम्मं काम होतं.

सोलापूरच्या माणसानं या विषयात 'सेटलमेंट' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. इंग्रजीत किती निरुपद्रवी शब्द! मुळाशी जुन्या इंग्रजीतला बसण्याच्या जागेचा शब्द आहे, स्थिरावणं, वसाहत. कोर्टात आज त्याचा अर्थ तडजोड. पण सोलापुरात जुन्या माणसाला सेटलमेंट म्हटलं की तारेचं कुंपण आठवतं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात पोचला, १९२४ मध्ये सगळा एकत्र करून पुन्हा केला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं जन्मानं गुन्हेगार ठरवून कुंपणाआड ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी, काम गिरण्यांत. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही शहरात आहे.

त्या माणसांना कोणी कस्टडीत आहेत असं म्हटलं नाही. म्हणून कस्टडीबरोबर येणारं काहीच त्यांना मिळालं नाही : मॅजिस्ट्रेटपुढे नेणं नाही, आरोप नाही, सुटकेची तारीख नाही. जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच होती. सौम्य शब्दाखाली कैद लपवली की राखणदाराला जाब विचारायला जागाच उरत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्या वस्त्यांतल्या पोरांना चोरी झाली की सगळ्यात आधी 'उचलतात', हे फौजदारी वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा.

मुलांच्या कस्टडीचं थोडक्यात सांगतो, तो माझा रोजचा प्रांत नाही. पालकत्व आणि कस्टडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव येतं, पण पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाची कस्टडी सामान्यतः आईकडे असते. कलम १३ नुसार सगळ्यात वर मुलाचं हित. १९७३ च्या रोझी जेकब निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. आपल्याकडे अर्जात 'मुलाचा ताबा मिळावा' असं लिहितात ते मला खटकतं. ताबा शेताचा, घराचा असतो, इंग्रजीत त्याला 'पझेशन' म्हणतात आणि त्यात हक्काचा वास आहे. इंग्लिश कायद्यात मालकाची वस्तू नोकराच्या हातात असली तर नोकराकडे फक्त कस्टडी, पझेशन मालकाचंच. म्हणजे कस्टडी या शब्दातच कबुली असते की सांभाळलेली गोष्ट आपली नव्हे. सरकारी भाषांतरात 'अभिरक्षा' असतं, ते अचूक आहे पण जिभेवर बसत नाही. 'सांभाळ' हा शब्द मला सगळ्यात योग्य वाटतो, पक्षकारांनाही लगेच कळतो.

मोटारसायकलीचं बघायचं तर कोणत्याही ठाण्याच्या आवारात नजर टाका. गंजलेल्या सांगाड्यांवर बाभळी उगवलेल्या दिसतील. हा जप्त मुद्देमाल. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाहनं ठाण्यात सडवण्यात काही हशील नाही, पंचनामा आणि फोटो करून, योग्य हमी घेऊन ती मालकाला परत द्यावीत. त्यासाठी जो कागद होतो त्याला आपण सुपुर्दनामा म्हणतो. खटला संपेपर्यंत स्वतःचीच गाडी मालक कोर्टाच्या वतीनं राखतो, विकू शकत नाही, मागितली की हजर करायची. स्वतःच्या गाडीचा मालक काही काळ तिचा फक्त राखणदार होतो. कस्टडी आणि मालकी यांतला फरक शिकवायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

राखणदाराच्या जबाबदारीची शेवटची पायरी म्हणजे कस्टडीतला मृत्यू. १९८७ मध्ये ओडिशात पोलिसांनी नेलेल्या एका तरुणाचं प्रेत दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांजवळ सापडलं. तो पळून गेला आणि गाडीखाली आला असावा, ही पोलिसांची बाजू. आई नीलाबती बेहेरा यांच्या पत्रावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. माणूस जिवंत आणि धडधाकट आत गेला, मग काय झालं ते तुम्ही सांगा, हा त्या निकालाचा रोख आहे. गायसच्या कारागिरासमोरचा प्रश्न आणि हा, दोन्हींची जात एक. पुराव्याचा हा बोजा कायद्यात आणखी एका ठिकाणी उलटला तो महाराष्ट्रातल्याच घटनेमुळे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले. देशभर संताप उसळला आणि १९८३ च्या दुरुस्तीनं कस्टडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला. शरीरसंबंध शाबित झाला आणि संमती नव्हती असं तिनं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं तसंच गृहीत धरायचं, असं त्यात आहे.

तुम्ही पुढेमागे पहिली रिमांड चालवाल तेव्हासाठी एक व्यवहाराची गोष्ट. अटकेच्या पंचनाम्यावरची वेळ हा फक्त सुरुवातीचा कागद माना. माणसाला घरातून किंवा रस्त्यावरून कधी नेलं, कोणी पाहिलं, त्यानंतर त्याचा मोबाइल कधी बंद झाला, हे नातेवाइकांकडून त्याच दिवशी लिहून घ्या. डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही असते, तो साक्षीदार कोण हे बघा. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानं प्रत्येक ठाण्यात दरवाजापासून लॉकअपपर्यंत सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं आहे. ते चित्रण आणि स्टेशन डायरी राखून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच रिमांडला द्या आणि त्यावर मॅजिस्ट्रेटकडून लेखी आदेश मागा. महिन्याभरानं मागितलं तर कॅमेरा बंद होता असं उत्तर येतं.